प्रॉडक्ट डिझाइन झालं, आता नोकरी की स्वतःचं काही? (उत्तर जरा लांबलंय)

तुझा प्रश्न बराच मोठा होता, म्हणून आधी तो तुझ्याच शब्दांत थोडक्यात मांडतो, बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाव तासगावजवळ, घरची द्राक्षबाग. पुण्यातल्या खाजगी कॉलेजातून यंदा प्रॉडक्ट डिझाइनचं बी.डेस. झालं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे जीए डिपिंगसाठीचा (मणी फुगावेत म्हणून द्राक्षाचे घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचं काम) कप, जो घडाभोवती एका हाताने मिटतो, द्रावण खाली सांडत नाही आणि मजुराचा हात दिवसभर ओला राहत नाही. कॉलेजात बक्षीस मिळालं, सगळे म्हणतायत स्टार्टअप काढ. हातात दोन ऑफर आहेत, एक खराडीच्या आयटी कंपनीत यूएक्स डिझायनर (ॲप, वेबसाइट वापरायला सोपी करणारा) म्हणून वर्षाला साडेसहा लाख, दुसरी भोसरीतल्या प्लॅस्टिक मोल्डिंगवाल्याकडे महिना २८ हजार. डोक्यावर बारा लाखांचं एज्युकेशन लोन. वडील म्हणतात आयटी घे, सर म्हणतात स्वतःचं काढ. काय करू?

मी पुण्यात प्रॉडक्ट आणि पॅकेजिंगचं काम वीसेक वर्षं करतोय, आधी नोकरी मग स्टुडिओ. वयाने बरीच लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करतो, चालवून घे.

पहिली गोष्ट, तू "नोकरी की स्वतःचं" असं विचारलंस पण "स्वतःचं" यात दोन पूर्ण वेगळे धंदे आहेत आणि कॉलेजात हे कोणी फोड करून सांगत नाही. एक म्हणजे स्टुडिओ, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूंचं डिझाइन करून फी घ्यायची. दुसरा म्हणजे स्वतःची वस्तू बनवून विकायची. खानावळ चालवणं आणि लोणच्याचा ब्रँड काढणं यात जेवढा फरक आहे तेवढा यात आहे, दोन्हीकडे स्वयंपाक यावा लागतो एवढंच साम्य. स्टुडिओला भांडवल जवळजवळ लागत नाही, लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि सहा महिन्यांचा घरखर्च असला की सुरू होतो, पण ओळखी लागतात आणि त्या बावीस-तेविसाव्या वर्षी नसतात. वस्तू विकायची म्हटलं तर ओळखी नसल्या तरी चालतात पण मोल्डला (प्लॅस्टिकचे भाग काढायचा धातूचा साचा) पैसे लागतात, माल पडून राहतो, उधारी बुडते, आणि तुझं डिझाइनचं काम सगळ्या कामातलं फार तर दहावा हिस्सा राहतं, बाकी वेळ खोके, बिलं, ट्रान्सपोर्ट आणि दुकानदाराचे फोन. हे आवडणार असेल तरच त्यात पड, कमीपणाचं नाही ते, पण डिझाइनही नाही.

स्टुडिओचं उदाहरण पुण्यातच आहे, एलिफंट डिझाइन. १९८९ साली अहमदाबादच्या एनआयडीतून (राष्ट्रीय डिझाइन संस्था) शिकून आलेल्या मंडळींनी काढला, पेपर बोट सरबताचं ते पाऊच आपण सगळ्यांनी हातात घेतलंय ते त्यांचं काम. त्याच वर्षी बंगलोरला सुजाता केशवन यांनी रे अँड केशवन काढला, त्याही एनआयडीच्याच, आणि पुढे तो डब्ल्यूपीपी या मोठ्या जाहिरात समूहाने विकत घेतला. दोन्ही नावं कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये हमखास येतात. पण बघ, दोन्हीकडे धंदा सेवेचा होता, एकट्यादुकट्याचा नव्हता, आणि नाव व्हायला वर्षं गेली. दुसरं आवडतं उदाहरण एअरबीएनबीचं, की बघा डिझाइन स्कूलच्या पोरांनी अब्जावधीची कंपनी काढली. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे हे खरंच आहे, पण तिसरा संस्थापक नेथन ब्लेचार्झिक इंजिनिअर होता आणि साइट त्याने उभी केली, त्याचं नाव आपल्याकडच्या भाषणांत ऐकू येत नाही. आणि २००८ मध्ये खिसा रिकामा झाला तेव्हा ह्याच लोकांनी ओबामा आणि मॅकेनच्या नावाचे सिरिअलचे डबे विकून दिवस काढले. सांगायचं काय तर तुझ्याकडे जे नाही ते असलेला माणूस बरोबर लागतो. तुझ्या बाबतीत तो मोल्डिंग कळणारा किंवा शेतीमालाची दुकानदारी कळणारा असेल, अजून एक डिझायनर नको. दोन डिझायनर मिळून कंपनी काढतात तेव्हा लोगो फार सुंदर होतो.

आता तुझ्या कपाचा हिशोब करू. आकडे समजायला घेतलेत, तू तुझे भर. समजा कृषी सेवा केंद्रात कप ३०० रुपयांना विकला. त्यात १८ टक्के जीएसटी धरला तर साधारण ४५ रुपये सरकारचे. दुकानदार ६० घेणार, त्याच्या वरचा डिस्ट्रिब्युटर ३०. उरले १६५. कपाचे दोन भाग, बिजागरी, स्प्रिंग, जोडणी, खोका, भाडं धरून बनवायचा खर्च ९० आला तर तुझ्या हातात ७५. मिटणारा दोन भागांचा कप म्हणजे किमान दोन मोल्ड किंवा एक फॅमिली मोल्ड (दोन्ही भाग एकाच साच्यात), चांगल्या टूलरूममध्ये (मोल्ड बनवणारं वर्कशॉप) चार लाख धर. चार लाख भागिले ७५ म्हणजे ५,३००च्या वर नग विकले की फक्त मोल्डचे पैसे परत आले, तुझा पगार अजून शून्य. आणि यात परत आलेला माल, बुडालेली उधारी, डेमोला फिरायचं पेट्रोल काहीच धरलेलं नाही.

त्याहून मोठी अडचण हंगामाची. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, गोडी छाटणी (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची) झाली की पुढच्या काही आठवड्यांत डिपिंग उरकतं. बागा मागेपुढे छाटतात म्हणून सगळा भाग मिळून दोनअडीच महिने धर. म्हणजे तुझा माल वर्षातून एकदाच विकला जाणार. मोल्ड पंधरा दिवस लेट झाला (आणि मोल्ड लेट होतोच, दिवाळीच्या आधी तर नक्कीच) तर अख्खं वर्ष गेलं, माल गोडाऊनमध्ये आणि लोनचं व्याज चालू. बारा महिने विकणाऱ्या वस्तूला चूक सुधारायला दर आठवड्याला संधी मिळते, हंगामी वस्तूला वर्षातून एक. ज्युरीतल्या कोणी हे विचारलं नसणार.

तिसरा मुद्दा, विकत कोण घेणार? तुझ्या प्रेझेंटेशनमध्ये युजर मजूर आहे आणि फोटोही त्यांच्या ओल्या हातांचे आहेत, चांगले आहेत. पण कप विकत घेणार बागायतदार किंवा टोळीचा मुकादम. काम रोजाने असेल तर मजुराचा वेळ वाचला की फायदा बागायतदाराचा, त्याला तू द्रावण किती वाचतं आणि एकराला किती माणसं कमी लागतात ते दाखवायला पाहिजे. काम उक्तं असेल तर फायदा टोळीचा, कारण लवकर उरकून दुसऱ्या बागेत जाता येतं, मग कप मुकादमाने घ्यायला हवा आणि एका टोळीला पंधरावीस नग लागतील. एकच वस्तू, गिऱ्हाईक दोन, आणि दोघांना पटवायचं कारण वेगळं. तुमच्या पट्ट्यात कुठली पद्धत जास्त आहे ते आधी काढ. सगळी किंमत, पॅकिंग, सगळं त्यावर ठरतं.

हे वाचून कप सोडून दे असं म्हणतोय असं वाटेल तर तसं नाहीये, कल्पना मला आवडली. मोल्ड इतक्यात नको, एवढंच. आधी सिलिकॉनच्या साच्यातून व्हॅक्यूम कास्टिंग करून घे, एका साच्यातून साधारण वीस नग निघतात, नग महाग पडतो पण एकूण खर्च मोल्डच्या मानाने किरकोळ. ते या हंगामात वापरायला जाऊ देत. सरकारी मदतीत निधी-प्रयास म्हणून योजना आहे, हातात धरता येईल अशा वस्तूच्या प्रोटोटाइपसाठी दहा लाखांपर्यंत मिळू शकतात, आयआयटी मुंबईच्या साइनसारख्या इन्क्युबेटरमधून (नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र) अर्ज जातो. निवड कडक असते, वेळ लागतो, आणि तो पैसा प्रोटोटाइपवर खर्चायचा असतो, हप्ते भरायला नाही. अर्ज जरूर कर पण मिळेलच असं धरून नोकरी सोडू नको. मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथेही दाखव, त्यांनी दोन ओळी बऱ्या बोलल्या तर बागायतदाराला त्या तुझ्या बक्षिसापेक्षा जास्त वजनाच्या वाटतील.

एक गोष्ट मात्र तातडीची. तू लिहिलंयस की प्रोजेक्ट बिहान्सवर (डिझायनर आपलं काम दाखवतात ती साइट) आणि इन्स्टावर टाकलाय. आपल्याकडच्या डिझाइन कायद्यात, २००० सालच्या, नोंदणी करायची तर डिझाइन आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. म्हणजे जे रूप तू टाकलंस त्याची नोंदणी आता अडचणीत आहे. पेटंटचंही साधारण तसंच, आणि मिटण्याची ती यंत्रणा पेटंटमध्ये बसेल की नाही हाच मुळात वेगळा प्रश्न आहे. घाबरू नको, कास्टिंगसाठी कप बदलशीलच, पकड बदलेल, बिजागरी बदलेल, ते नवीन रूप कुठेही दाखवण्याआधी नोंदणीला टाक. व्यक्ती म्हणून अर्ज केला तर सरकारी फी हजार रुपये आहे, संरक्षण दहा वर्षं आणि पुढे पाच वाढवता येतात. फक्त लक्षात ठेव की त्यात वस्तूचं दिसणं सुरक्षित होतं, काम करायची पद्धत नाही. आणि हो, कॉलेजने प्रवेशाच्या वेळी सही घेतलेल्या कागदात विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टवर हक्क कोणाचा ते लिहिलंय का बघ, काही कॉलेजं सामाईक हक्क ठेवतात आणि हे पोरांना कंपनी काढताना कळतं.

आणखी एक वाट आहे जी तुझ्या प्रश्नात नव्हतीच, लायसन्सिंगची. पंप, फवारणीचं साहित्य, छाटणीच्या कात्र्या बनवणारे लोक आधीच तासगाव, नाशिक, पंढरपूरच्या दुकानांत माल पोचवतात. त्यांच्याकडे डिस्ट्रिब्युटर आहेत, उधारी वसूल करायची यंत्रणा आहे, तुझ्याकडे कप आहे. फॅक्टरीच्या दरावर काही टक्के रॉयल्टी घे आणि वस्तू त्यांना बनवू दे. मी जे करार पाहिलेत त्यात तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास ठरतं. यातली गोम अशी की किती नग विकले हे तुला तेच सांगणार, म्हणून वर्षाची किमान ठराविक रक्कम लिहून घ्यायची, विकला नाही तरी एवढे द्यायचे, आणि दोन वर्षांत बाजारात आणला नाही तर हक्क आपोआप परत. कॉपीराइट कायद्यात तर करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, पण अशा गोष्टी कायद्यावर सोडू नयेत, स्पष्ट लिहाव्यात. रॉयल्टीने श्रीमंत झालेला डिझायनर मला माहीत नाही, पण पहिली वस्तू बाजारात आहे असं म्हणता येणं याची किंमत पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मिळते.

आता नोकऱ्या. इथे सरळ उत्तर नाही, तुझ्या घरावर अवलंबून आहे. बारा लाख, अकरा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता साडेसोळा हजारांच्या आसपास येतो. कोर्सनंतर साधारण वर्षभर हप्त्याची सूट असते पण व्याज चढत राहतं, ते विसरू नको. २८ हजारांत पुण्यात राहून साडेसोळा हजार जात नाहीत, कितीही काटकसर केली तरी. त्यामुळे घरून पहिली दोन वर्षं हप्त्यातला निम्मा तरी भार उचलणार असतील तर मी भोसरी म्हणेन, नसतील तर खराडी, आणि त्यात मन मारल्यासारखं काही नाही.

भोसरी का म्हणतो ते सांगतो कारण वडिलांना हे पटवावं लागेल. मोल्डिंगवाल्याकडे तू पैशाच्या शेजारी बसशील. प्लॅस्टिकच्या दाण्याचा भाव वाढला की नगाचा दर कसा बदलतो, भिंत अर्धा मिलिमीटर जाड केली की सायकल टाइम (एक नग निघायला लागणारा वेळ) किती वाढतो, कुठल्या टूलरूमवाल्याची तारीख खरी असते, गिऱ्हाईक कुठल्या वाक्यानंतर भाव पाडतं, हे सगळं कानावर पडतं. पोर्टफोलिओत यातलं काही दिसत नाही पण धंदा यावर चालतो. मी नवीन मुलं घेताना रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली वस्तूची चित्रं) बघतो जरूर, पण "हा नग किती रुपयांत होईल" असं विचारल्यावर जो चाचरत का होईना आकडा सांगतो त्याला घेतो. अट एकच, तिथे तुला फक्त कॅड ऑपरेटर (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारा) करून कोपऱ्यात बसवणार असतील तर नको. मुलाखतीत विचारून घे, ट्रायलला मशीनवर उभी राहू शकते का, कोटेशन बनवायला बसवणार का, व्हेंडरकडे पाठवणार का. मुलगी म्हणून शॉपफ्लोअरवर नको म्हणणारे मालक अजून आहेत, ते आत्ताच कळलेलं बरं.

यूएक्सबद्दल नाक मुरडणारे प्रॉडक्टवाले बरेच आहेत, मी त्यातला नाही. तुझ्या बॅचमधले किती जण तिकडे गेले ते बघ, पगार तिकडे आहेत हे साधं कारण आहे. काम शिकण्यासारखं असतं, लोकांशी बोलून गरज काढायची पद्धत तीच असते. फक्त एक गणित समजून जा, दोन-तीन वर्षांत तिकडचा पगार असा वाढतो की परत वस्तूंच्या कामाला यायचं म्हटलं तर निम्म्यावर यावं लागतं, तोवर फ्लॅटचा हप्ता नाहीतर लग्न असं काही आलेलं असतं, आणि माणूस परत येत नाही. रस्ता बंद नसतो, महाग होतो. त्यामुळे खराडी घेतलीस तर आधीच ठरव की लोनचा किती भाग उतरला की थांबून विचार करायचा, आणि तो आकडा घरी सांगून ठेव.

आणि आयटीची ऑफर घेण्याआधी अपॉइंटमेंट लेटरमधलं बौद्धिक संपदेचं कलम वाच. नोकरीत असताना तू जे काही शोधशील, बनवशील ते कंपनीचं, असं सरसकट लिहिलेलं असतं, आणि बाहेरचं काम करायला बंदी वेगळी. बऱ्याच लेटरला आधीच्या कामांची यादी जोडायची जागा असते, तिथे डिपिंग कप स्केच आणि तारखेसकट लिहून दे. जागा नसेल तर एचआरला मेल टाक आणि लेखी उत्तर घे. यात लाजायचं काही नाही, रोजचं काम आहे त्यांचं.

स्टुडिओ काढायचा विचार डोक्यात असेल तर तो चार-पाच वर्षांनी कर, पण थोड्या गोष्टी आत्ता सांगून ठेवतो. सुरुवातीला बरेच स्टुडिओ व्हिजिटिंग फॅकल्टीच्या मानधनावर तगलेले असतात, वेबसाइटवर ते दिसत नाही, तेव्हा दुसऱ्यांचं बघून स्वतःला कमी समजू नको. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्या दिवशी कर, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, आणि वेळेत दिले नाहीत तर तो खर्च समोरच्याला ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येतो. मार्च जवळ आला की ही एक ओळ मेलमध्ये टाकायची, त्यांचा सीएच त्यांना फोन करायला लावतो. कामाआधी निम्मे पैसे घ्यायचे, आणि किती वेळा बदल करून मिळतील तो आकडा कोटेशनमध्येच. "पुढे खूप काम देऊ" म्हणून पहिलं फुकटात मागणाऱ्याकडे पुढचं काम नसतं.

तर क्रम असा लावला असता मी. घरी हप्त्याबद्दल स्पष्ट बोलून नोकरी ठरवायची. कपाचं नवीन रूप करून नोंदणीला टाकायचं, तोवर इन्स्टावर काही नाही. ऑक्टोबरच्या छाटणीआधी वीस नग हातात. हंगाम संपल्यावर लायसन्स की स्वतः बनवायचं ते ठरव, आत्ता नाही.

त्या वीस नगांबद्दल शेवटचं. काकांच्या बागेतली ट्रायल धरू नको, नात्यातली माणसं चांगलंच बोलणार. अनोळखी बागायतदाराकडे नाहीतर मुकादमाकडे जा आणि विकत दे, फुकट ठेवून येऊ नको, फुकटची वस्तू पंपाच्या खोलीत पडून राहते आणि विचारलं की "छान आहे की पोरी" म्हणतात. दीडशे घे, दोनशे घे, तुला तोट्यात पडेल तरी चालेल, कारण पैसे दिलेला माणूस बिजागरी तुटली की फोन करून शिव्या घालतो आणि तुला तोच फोन पाहिजे. डिपिंग संपल्यावर परत जाऊन बघ, किती कप अजून वापरात आहेत, किती जणांनी अजून मागितले. आणि ऑफर लेटरचं ते कलम नाव आणि पगार झाकून इथे टाक, वाचून सांगतो.